बॅलिनरोबचा निकाल आणि आजीचं गहाणखत

लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. इतिहासबितिहास काही डोक्यात नव्हता. 2023 च्या एप्रिलमध्ये सांगलीहून निघाले तेव्हा बॅगेत हळीव, डिंक, बाळंतशोपा आणि माहेरच्या शेतातल्या हळदीची दोन पाकिटं होती. लेक कॅसलबारला नर्स आहे. आयर्लंडच्या पश्चिम अंगाला मेयो नावाची काउंटी आहे, म्हणजे आपला जिल्हाच समजा, त्याचं कॅसलबार हे मुख्य ठिकाण. मेच्या सुरुवातीला नातू झाला आणि सव्वा महिना मी घराबाहेर फारशी पडलेच नाही. आधी बाळाची मालिश, मग धुरी, मग लेकीचं खाणंपिणं. उरलेल्या वेळात खिडकी.

खिडकीतून दगडी गडगे दिसायचे. माती नाही, चुना नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. हिरव्या रानाचे इतके बारके तुकडे आणि प्रत्येकाभोवती गडगा. माझी नजर तिथंच जायची, कारण माझा जन्म बांधावरची भांडणं बघण्यात गेला. दिवाणी न्यायालयात 31 वर्षं नोकरी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, सहायक अधीक्षक म्हणून त्याच वर्षी जानेवारीत निवृत्त झाले. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कुठल्याही तालुक्यात घडतं.

लेकीचे घरमालक ऐंशीच्या पुढचे शेतकरी. गुरं, मेंढ्या, आणि दलदलीतून कापून आणलेल्या काळ्या मातीच्या विटा, आपण शेणी रचून ठेवतो तशा रचलेल्या. थंडीत त्याच जाळतात. एक दिवस मी गडग्याकडे बघत उभी होते तर त्यांनी लेकीला विचारलं, "तुझ्या आईकडे जमीन किती?" म्हटलं, माहेरी भावांची मिळून पावणेदोन एकर. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. त्या काळ्या मातीच्या विटा आणायची वाट शेजाऱ्यानं अडवली होती. ते भांडण 1920 च्या सुमाराला गावच्या कोर्टात मिटलं. कोर्ट म्हणजे दूध डेअरीची खोली, आणि वेळ रात्रीची.

त्यांचे उच्चार मला निम्मे कळत नव्हते, लेक मराठीत सांगत होती. मी तिला म्हटलं, "नीट विचार. कोर्ट रात्री कसं बसेल?"

आणि विचारता विचारता मलाच आजी आठवली. "रातच्याला आलती माणसं."

आजीचं पुढं सांगते. आधी तिथलं सांगते, घरमालकांच्या गोष्टीनंतर मी वाचून काढलेलं, कारण ते आपल्याकडे जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. आयर्लंडबद्दल मलाही दोनच गोष्टी माहीत होत्या. टिळकांच्या होमरूल चळवळीचं नाव तिकडून आलं, ही एक. आणि मिरजेत शिकलेल्या, साताऱ्यात काही दिवस वकिली केलेल्या न. चिं. केळकरांनी मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला, ही दुसरी. पण केळकरांचं पुस्तक आधीचं, आणि ही गोष्ट त्यानंतरची.

डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत आयर्लंडच्या 105 जागांपैकी 73 जागा इंग्रजांपासून स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेन पक्षानं जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनच्या पार्लमेंटात गेलेच नाहीत. जे तुरुंगाबाहेर होते ते 21 जानेवारी 1919 रोजी डब्लिनमध्ये जमले आणि त्यांनी आपलीच संसद भरवली. तिला डॉइल म्हणतात. म्हणजे एकाच देशात दोन सरकारं: एकाकडे फौज, पोलीस, कचेऱ्या, दुसऱ्याकडे लोक. आमच्या भागातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको. 1943 पासून 1946 पर्यंत आमच्याकडे हेच होतं, आणि त्याचं नावच प्रतिसरकार होतं.

1920 च्या वसंतात पश्चिम आयर्लंडात एक वेगळीच आग लागली. मोठमोठी गवताळ कुरणं थोड्या लोकांच्या हातात, आणि त्यांना लागून दगडगोट्यांच्या चार-सहा एकरांवर जगणारी कुटुंबं. महायुद्धामुळे सरकारी जमीनवाटप थांबलेलं. अमेरिकेला जायची वाटही बंद झालेली, त्यामुळे एरवी बाहेर गेली असती ती तरणी पोरं घरातच. मग रात्री गडगे पडायला लागले. दुसऱ्याची गुरं हाकलून द्यायची, धमक्या द्यायच्या, जमीन लिहून मागायची. नव्या सरकारला भीती वाटली की स्वातंत्र्याची लढाई बांधाच्या लढाईत बुडून जाईल. त्यांनी न्यायाधीश पाठवले.

17 मे 1920 रोजी बॅलिनरोब नावाच्या छोट्या गावात जमिनीचं पहिलं न्यायालय बसलं. समोर दोघं: डॉइलच्या शेतीखात्याचे आर्ट ओ'कॉनर, आणि टायरोन काउंटीचे वकील केविन ओ'शील. ओ'शीलचं वय तेव्हा अठ्ठावीस. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, पाठीशी ना शिपाई ना शिक्का, आणि समोर जमिनीसाठी पेटलेली माणसं. दावा असा होता की फाउंटनहिल नावाचं शेत त्याच्या मालकांकडून काढून आसपासच्या गरजूंना वाटावं. दोघांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दावा फेटाळला.

हे वाचताना मी बाळाला खाली ठेवलं आणि तो परिच्छेद परत वाचला. लोकांचं न्यायालय, पहिलाच दिवस, आणि निकाल गर्दीच्या मनाविरुद्ध. मालक काही जहागीरदार नव्हते, शेतकरीच होते. त्यांच्याकडून घेऊन दुसऱ्यांना देणं न्यायाचं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. दावेदार संतापून निघून गेले, आम्ही हे मानत नाही म्हणाले. गोष्ट तिथंच संपली असती, कारण ज्या निकालाची अंमलबजावणी होत नाही तो निकाल म्हणजे नुसता कागद. दरखास्तीच्या, म्हणजे निकाल अमलात आणायच्या अर्जांच्या, टेबलावर मी सहा वर्षं बसले आहे, हे मला कुणी शिकवायला नको. पण काही दिवसांनी डॉइलच्या बाजूनं लढणारे स्वयंसेवक आले, न मानणाऱ्यांना उचललं आणि सरोवरातल्या एका बेटावर नेऊन ठेवलं. तुरुंग नव्हता, म्हणून बेट. तिथं राहिल्यावर त्यांनी निकाल मान्य केला.

अशा बेटांची आणखी एक गोष्ट आयर्लंडात सांगतात. बेटावर कैदी आहेत हे कळल्यावर सरकारी पोलीस त्यांची सुटका करायला होड्या घेऊन गेले. कैद्यांनी त्यांना दगड मारून परत पाठवलं. आम्ही प्रजासत्ताकाचे कैदी आहोत, तुम्ही कोण सोडवणारे? मी आयुष्यात अनेक आरोपी बघितले, पण शिक्षा आपली मानणारा माणूस फार क्वचित बघितला. न्याय आपल्या माणसांनी दिलाय असं वाटल्याशिवाय हे होत नाही.

बॅलिनरोबची बातमी पसरली आणि ही न्यायालयं म्हणजे झुंडशाही नाही हे लोकांना कळलं. मग मोठे जमीनदारसुद्धा, ज्यांचं सगळं इंग्रजांच्या बाजूनं होतं तेसुद्धा, तिकडे दावे न्यायला लागले. गावपातळीवर तिघांचं न्यायालय, दहा पौंडांच्या आतले वाद. त्याच्या वर पाच जणांचं जिल्हा न्यायालय, शंभर पौंडांपर्यंतचे. आणि सगळ्यात वर डब्लिनमध्ये सर्वोच्च न्यायालय. 1920 च्या उन्हाळ्यात सरकारी न्यायाधीश केसांचे टोप घालून, बंदोबस्तात दौऱ्यावर यायचे आणि रिकाम्या खोलीत बसायचे. पक्षकार नाहीत, ज्युरीला माणूस नाही. शरद ऋतू लागला तसं सरकारनं ही न्यायालयं मोडायला सुरुवात केली. मग ती गोठ्यात, डेअरीत, शाळेच्या मागच्या खोलीत गेली. घरमालकांच्या आजोबांची रात्रीची डेअरी ती हीच.

जूनमध्ये सव्वा महिना सरला आणि जावईबापूंनी विचारलं, "आई, कुठं जायचं?" मी म्हटलं, बॅलिनरोब. त्यांना आश्चर्य वाटलं, तिथं बघण्यासारखं काय आहे म्हणाले. कॅसलबारपासून दक्षिणेला तासाभराच्या आतली वाट. बाळाला पाठीमागच्या खुर्चीत बांधलं आणि निघालो.

साधं गाव. रोब नावाची नदी, तिच्यावर पूल, कडेला जुन्या फौजी बराकींचे अवशेष. आपल्या कृष्णेपुढं ती नदी म्हणजे ओढाच. पुलावर उभी राहिले आणि म्हटलं, इथं बसले होते ते दोघं. तेवढ्यात जावयांनी मोबाइलवर वाचून दाखवलं की 'बॉयकॉट' हा शब्द याच भागातला आहे. मला वाटलं ते चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. बॅलिनरोबपासून थोड्या अंतरावर लॉख मास्क नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठच्या लॉख मास्क हाउसमध्ये कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट राहायचा. लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा हा कारभारी.

सप्टेंबर 1880 मध्ये त्यानं कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा बजावायला माणूस पाठवला. गावातल्या बायकांनी त्या नोटीसवाल्यावर चिखल आणि शेण फेकून त्याला पळवून लावलं. मग गावानं बॉयकॉटशी व्यवहारच तोडला. गडी कामावर येईनात, लोहार नाल ठोकीना, कपडे धुणारी येईना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. रानात पीक उभं. ते काढायला उत्तरेच्या काउंट्यांतून पन्नास मजूर आणले. ते क्लेअरमॉरिसला आगगाडीतून उतरले तर गाड्या मिळाल्या नाहीत, पावसात चालत बॅलिनरोबला यावं लागलं. त्यांच्या रक्षणाला हजारभर सैनिक आणि पोलीस. सुमारे 500 पौंडांचं पीक काढायला 10,000 पौंड खर्च आला असा अंदाज निघाला. पार्नेल हे त्यांचे मोठे पुढारी, ते म्हणाले की उपटलेल्या प्रत्येक सलगमामागं सरकारचा एक शिलिंग गेला. या प्रकाराला नाव काय द्यायचं हा प्रश्न पडला तेव्हा तिथले धर्मगुरू जॉन ओ'मॅली यांनी सुचवलं की अवघड शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, त्यापेक्षा 'बॉयकॉट करणं' म्हणा. पंचवीस वर्षांत तो शब्द पुण्यात पोचला, टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होऊन बसला.

म्हणजे 1880 मध्ये जिथल्या लोकांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला "आम्ही तुझं काम करणार नाही" म्हटलं, तिथंच 1920 मध्ये सरकारला "तुझं काम आम्हीच करू" म्हटलं. मधली चाळीस वर्षं. मला तर वाटतं दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे. शब्द मात्र पहिलीचाच राहिला. बॉयकॉट जगाला माहीत आहे. ओ'शीलचं नाव तिथल्या पोरांनाही माहीत नसतं, लेकीच्या सोबतच्या दोन नर्सना मी मुद्दाम विचारलं.

बॉयकॉटच्या वेळचीच आणखी एक बाई मला तिथं सापडली, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अ‍ॅना पार्नेल. त्या मोठ्या पुढाऱ्याची बहीण. जमीन चळवळीच्या पुढाऱ्यांना अटक होणार हे दिसायला लागलं तेव्हा जानेवारी 1881 मध्ये बायकांची वेगळी लँड लीग, म्हणजे जमीन संघटना, निघाली, ती अ‍ॅना चालवायची. ऑक्टोबरमध्ये पुढारी खरोखरच आत गेले आणि सगळा कारभार बायकांवर आला. घरातून काढलेल्या कुटुंबांना लाकडी झोपड्या पोचवणं, पैसे पोचवणं. आणि त्यांनी एक नोंदवही ठेवली. कुठल्या जमीनदाराकडे कुळं किती, खंड किती, कुणाला कधी काढलं, तिथला कारभारी कसा आहे. देशभरातली माहिती, ओळीनं लिहिलेली. आयर्लंडातला जुना पवित्र ग्रंथ आहे, बुक ऑफ केल्स, त्याचंच नाव त्यांनी कौतुकानं या नोंदवहीला दिलं होतं.

मी 31 वर्षं रजिस्टरं लिहिली. लोकांना ते बाबूचं काम वाटतं. पण ज्याच्याकडे नोंद असते त्याच्याच हातात काम असतं, हे त्या बायकांना कळलं होतं. पुढारी सुटून आले आणि 1882 मध्ये भावानंच बहिणीची संघटना बंद करवली. अ‍ॅना त्याच्याशी पुन्हा कधी बोलली नाही. पुढं ती इंग्लंडात नाव बदलून राहिली आणि 1911 च्या सप्टेंबरमध्ये डेव्हनच्या किनाऱ्यावर पोहताना बुडून गेली. तिनं त्या चळवळीबद्दल लिहून ठेवलेलं पुस्तक छापून आलं 1986 मध्ये. पंचाहत्तर वर्षांनी.

आता आजी.

आमचं माहेरचं गाव कृष्णाकाठचं. आज सांगली जिल्ह्यात आहे, 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होतं. पणजोबांनी सावकाराकडे सव्वा एकर रान गहाण टाकलं होतं. ते गहाणखत आजीनं मरेपर्यंत पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवलं. 2006 साली ती गेली तेव्हा कुणालाच ते नको होतं, म्हणून मी घेतलं. आठ घड्या घातलेला कागद. घड्यांच्या रेघेवर विरलेला, उजेडासमोर धरला की चौकटी दिसतात. वर पंचम जॉर्जचा छाप. मजकूर मोडीत, काळ्या शाईचा, एका दमात लिहिलेला. खाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. तो ठसा मी भिंगाखाली बघितलाय. मधोमध एक आडवी पांढरी रेघ आहे, खुरपं लागलेल्या जुन्या जखमेची. पणजोबांचा एकही फोटो नाही आमच्याकडे. तेवढी रेघ आहे.

मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडून वाचून घेतलं. 1935 सालचं ताबेगहाण. रक्कम 99 रुपये. हा आकडा ऐकला आणि मला लगेच कळलं. 100 रुपयांचं किंवा त्याहून मोठं गहाण दस्त करून नोंदवावं लागतं, तसा कायदाच आहे. 99 लिहिलं आणि ताबा घेतला की कचेरीची पायरी चढायला नको. सावकाराला कायदा पाठ होता आणि पणजोबांना अक्षर येत नव्हतं. नऊ वर्षं त्या रानातली ज्वारी सावकाराच्या पेवात गेली आणि मुद्दल 99 चं 99 राहिलं.

1944 साली प्रतिसरकारचं न्यायदान मंडळ आमच्या गावात बसलं. क्रांतिसिंह नाना पाटील आधी तलाठी होते, 1930 च्या चळवळीत नोकरी सोडून आले. सातबारा कसा फिरतो आणि गरिबाचं रान कसं जातं हे त्यांनी कचेरीत बसून बघितलं होतं. प्रतिसरकारच्या गोष्टी आमच्याकडे खूप सांगतात, शेणोलीची रेल्वे, धुळ्याचा खजिना, पत्री मारायची कडक शिक्षा. तुफान सेनेची शिस्त सांगतात. गावोगावच्या त्या रात्रीच्या बैठका मात्र फारसं कुणी सांगत नाही. कारण त्यात गोळीबार नाही. बसायचं, ऐकायचं, ठरवायचं, एवढंच.

आजी तेव्हा सतरा वर्षांची. माझे वडील तिच्या मांडीवर. ती दाराआडून बघत होती. तिच्याच शब्दांत लिहिते, मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की एक अक्षर इकडचं तिकडं होणार नाही.

"रातच्याला आलती. धा-बारा जण असत्याल. सावकार वट्ट्यावर बसला हुता, आन् मामंजी खाली. तर त्यास्नी पयलं काय केलं, सावकाराला खाली बसवलं. म्हनले, हितं समदे खालीच बसत्यात. मंग दोगास्नी इचारलं. किती ज्वारी निघाली, कुटल्या साली पाऊस न्हवता, समदं इचारलं. मंग म्हनले, फिटलं. कागद द्या. सावकारानं दिला. पर रानात शाळू उभा हुता त्या सालचा, त्यो म्हनले सावकाराचा. बी त्याचं हुतं. मामंजीस्नी म्हनले, शाळू त्यो काढंल, मंग तू नांगर घाल."

लहान असताना मला हा शेवटचा भाग आवडायचा नाही. आपलं रान मिळालं तर शाळू त्याला कशाला? आजी म्हणायची, "म्हनून तर सावकार फुडं कवा भांडाया आला न्हाई." बॅलिनरोबच्या पुलावर उभं राहून मला ते कळलं. तिथं गर्दीच्या विरुद्ध निकाल दिला, इथं सावकाराला त्याचं पीक दिलं. ज्याला नाही म्हणायचं त्यालाही त्याचं जे आहे ते द्यायचं. पत्री मारायची ताकद असताना त्या रात्री पंचांनी हिशोब केला.

कागदाच्या मागं निळ्या पेन्सिलीनं बाळबोध अक्षरात तीन शब्द आहेत. "पंचांसमक्ष परत केले." सही नाही, तारीख नाही. 31 वर्षं मी सही-तारखेशिवाय एक कागद पुढं जाऊ दिला नाही, आणि आमचं घर ज्या कागदावर उभं आहे त्याच्यावर दोन्ही नाही. सही केली असती तर दुसऱ्या दिवशी पोलिसांना नाव मिळालं असतं. म्हणून त्या माणसांची नावं गेली.

आयर्लंडातही ते दिवस सोपे नव्हते, पण तिथं दफ्तर जपलं. लपवून का होईना, जपलं. म्हणून आज सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य जेम्स क्रीड मेरेडिथ यांचा एक निकाल आपल्याला कळतो. हे मेरेडिथ तत्त्वज्ञानातले, जर्मन तत्त्वज्ञ कांटचा एक ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणलेला. या न्यायालयांचा नियम असा होता की 21 जानेवारी 1919 रोजी जो कायदा होता तो चालेल, पण इंग्रजी कायद्याची पुस्तकं पुराव्याला आणायची नाहीत. आणायचंच तर आयर्लंडचा प्राचीन ब्रेहन कायदा आणा, रोमन आणा, फ्रेंच आणा. मेरेडिथपुढं प्रश्न आला की लग्न न झालेल्या बाईच्या बाळंतपणाचा खर्च मुलाच्या बापानं द्यायचा का. इंग्रजी कायद्यानं तिला तो मिळत नव्हता. मेरेडिथनी ब्रेहन कायद्याचा आधार घेतला, इंग्रजी कायदा याबाबतीत मागासलेला आहे म्हणाले, आणि खर्च मान्य केला. हे मी वाचलं तेव्हा पलीकडच्या खोलीत लेकीला शेक देऊन नुकती झोपवली होती. एका बाळंतिणीला काय काय लागतं, कोण कोण लागतं, हे त्या वेळी माझ्या हाताला ठाऊक होतं. शंभर वर्षांपूर्वी लपतछपत चालणाऱ्या कोर्टानं कुण्या एकट्या बाईच्या बाळंतपणाचा विचार केला.

त्या न्यायालयांत बायका न्यायाधीशही होत्या. कॅथलीन क्लार्क ही एक. तिच्या नवऱ्याला इंग्रजांविरुद्धच्या 1916 च्या उठावानंतर गोळ्या घातल्या, आणि ती डब्लिनच्या एका भागात न्यायाधीशांची प्रमुख म्हणून बसली. पुढं 1939 मध्ये डब्लिनची पहिली महिला महापौर झाली. मेयोतले वकील कॉनर मॅग्वायर या न्यायालयांत काम करत होते, ते तर पुढं स्वतंत्र आयर्लंडचे सरन्यायाधीश झाले.

शेवट चांगला नाही. स्वातंत्र्याच्या तहावरून आपसात युद्ध पेटलं. जुलै 1922 मध्ये एका बापानं सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की माझ्या मुलाला नव्या सरकारनं कुठल्या अधिकारानं डांबलंय ते सांगा. न्यायाधीश डर्मिड क्रोली यांनी अर्ज दाखल करून घेतला आणि सरकारला उत्तर द्यायला सांगितलं. सरकारनं न्यायालयच रद्द केलं. क्रोलींनाही अटक झाली. इंग्रजांपासून लपवून जगवलेलं न्यायालय आपल्याच लोकांनी महिन्याभरात बंद केलं. मला याचं फार वाईट वाटतं, अजून वाटतं.

पण 1923 मध्ये त्यांनी एक कायदा केला. या न्यायालयांचं काम गुंडाळायचा, तरी त्यांचे निकाल नोंदवून घ्यायचा आणि अर्धवट राहिलेले दावे पुरे करायचा. डेअरीत, गोठ्यात रात्री झालेले निकाल सरकारी दफ्तरात आले. ती कागदपत्रं आज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्याकडे 1946 मध्ये नेत्यांवरची वॉरंटं मागं घेतली गेली, प्रतिसरकार थांबलं, मंडळं थांबली. 31 वर्षांत मंडळाच्या निकालाचा एकही कागद माझ्या टेबलावर आला नाही.

माझ्या टेबलावर काय यायचं ते सांगते. एक म्हातारे गृहस्थ होते. बांधाचा दावा, पाऊण गुंठ्याचा. मी लागले तेव्हा त्यांच्या दाव्याला पाच वर्षं झाली होती. दर तारखेला यायचे, कापडी पिशवीत कागद आणि भाकरी. रोजनाम्यावर मी लिहायची: वकील गैरहजर, तहकूब. साहेब रजेवर, तहकूब. मोजणीचा नकाशा आला नाही, तहकूब. ते विचारायचे, "बाई, पुढची कधी?" मी सांगायची. सतरा वर्षं मी त्यांना तारीख सांगितली. मग एक दिवस त्यांचा मुलगा आला, तीच पिशवी घेऊन, वारसाची नोंद करायला. मी अर्ज घेतला, शिक्का मारला, तारीख दिली. घरी येऊन त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कुणी एकजण दोषी नव्हता, माझ्यासकट सगळेच आपापलं काम नियमानं करत होते.

बॅलिनरोबहून परतताना गाडीत बाळ झोपलं होतं आणि मी जावयांना हे सगळं सांगत होते. ते म्हणाले, "आई, मग त्या पंचांची नावं तुम्हीच का शोधत नाही?"

जुलैत परत आले. आल्या आल्या दोनशे पानी रजिस्टर आणलं, जाड पुठ्ठ्याचं, कोर्टात वापरायचो तसलं. रकाने आखले: गाव, वाद कशाचा, पक्षकार, पंच, काय ठरलं, सांगणारा कोण, वय. पहिली नोंद आमचीच. मग एकेका रविवारी एसटीनं कृष्णाकाठची गावं. तेव्हाचे दहा-बारा वर्षांचे होते ते आज नव्वदीचे आहेत. एकजण ऐकू येत नाही म्हणून बोट धरून देवळाच्या मागच्या चौथऱ्यावर घेऊन गेले आणि हातानं दाखवलं, पंच इथं, लोक इथं. एका आजींनी नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीचा निवाडा सांगितला, नांदवणार नसशील तर दोन पोती ज्वारी आणि एक म्हैस दे. अशा सत्तावीस नोंदी झाल्यात. नावं इथं लिहीत नाही, घरच्यांना विचारायचं राहिलंय.

आमच्या गावच्या त्या रात्रीचे पंच तीन होते असं दोघांनी सांगितलं. दोघांची नावं मिळाली. ज्यानं निळ्या पेन्सिलीनं लिहिलं तो तिसरा, तो शेजारच्या गावातला शाळामास्तर होता एवढंच कळलंय. त्याच्यापुढचा रकाना मोकळा ठेवलाय. शाळेच्या जुन्या हजेरीपटात शिक्षकांची अक्षरं असतात, ती बघायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे. गहाणखत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय, सोबत भिंग. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघणार आहे.